एक खोका मोहरीचा, न फवारलेला: बीटीला न जुमानणारी अळी घरी कशी तपासावी

फवारणी करून चौथा दिवस होता. कोबीचं पान उलटं केलं तर पातळ पापुद्र्याच्या खिडक्या पडलेल्या, आणि एका खिडकीच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढी हिरवी अळी. काडीने हळूच टोचलं, तशी ती मागच्या मागे वळवळत सरकली आणि धागा सोडून लोंबकळली. पोटात बीटी (जिवाणूपासून बनवलेलं अळीनाशक) गेलेली अळी असं करत नाही. ती काही तासांत खाणं सोडते, सुस्त पडते आणि दोन-तीन दिवसांत काळवंडून मऊ होते. ही ठणठणीत होती.

मी दादरच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत 31 वर्षं सहायक होतो. फळमाशांच्या बाटल्या सांभाळणं, त्यांचं खाणं शिजवणं, कुठल्या बाटलीत लाल डोळ्यांच्या आणि कुठल्या बाटलीत पांढऱ्या डोळ्यांच्या माशा आहेत ते लिहून ठेवणं, हे माझं काम. निवृत्तीनंतर भांडुपला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर थंडीत कोबी, फ्लॉवर आणि नवलकोल लावतो. मासळी बाजारातले थर्माकोलचे 20 खोके धुऊन, तळाला भोकं पाडून वापरतो. गच्चीवर भाजी करणारे ओळखीचे लोक दर डिसेंबरात विचारतात, "काका, बीटी लागू पडत नाही, डोस वाढवू का?" माझं उत्तर असतं, आधी तपासा. तपासायचं कसं, ते इथे सगळं सांगतो.

पहिल्यांदा साध्या चुका बाजूला काढा. पुडी कधीची आहे? मुंबईच्या दमट हवेत उघडी राहिलेली बीटीची भुकटी गोळे धरते आणि तिचा जोर जातो. फवारणी सकाळी केली असेल तर उन्हातल्या अतिनील किरणांनी ती लवकर निकामी होते, म्हणून फवारा संध्याकाळीच मारायचा. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची ही अळी पानाच्या खालच्या बाजूला बसते आणि आपण वरून शिंपडून मोकळे होतो. अळी मोठी झाल्यावर फवारलं तरी परिणाम कमीच दिसतो. अगदी लहान असताना ती पानाच्या आतच पोखरत असते, तेव्हाही फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. एवढं सगळं नीट असूनही अळ्या जगत असतील, तरच प्रतिकारक्षमतेचा संशय घ्या. मलाही हे सगळं तपासल्यावरच संशय आला.

आता अळीच्या पोटात काय होतं ते समजून घेऊ. हे कळलं की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू. 1901 साली जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांना तो मेलेल्या रेशीमकिड्यांत सापडला, आणि पुढे जर्मनीत अर्न्स्ट बर्लिनर यांनी थुरिंजिया प्रांतावरून त्याचं नाव ठेवलं. हा जिवाणू प्रथिनाचे स्फटिक तयार करतो. अळीचं आतडं आपल्या जठरासारखं आम्लधर्मी नसून चांगलंच अल्कधर्मी असतं. तिथे स्फटिक विरघळतो, अळीचेच पाचकरस त्याला कापून धारदार करतात आणि मग तो आतड्याच्या पेशीला भोक पाडतो. पण भोक पाडण्याआधी त्याला पेशी धरावी लागते. गर्दीच्या लोकलमध्ये वरची कडी हाताला लागली तरच उभं राहता येतं, तसंच. पेशीच्या पृष्ठभागावर अशा कड्या असतात. कॅडहेरिन ही एक, एबीसीसी2 ही दुसरी. प्रत्येक कडी बनवण्याची कृती एका जनुकात लिहिलेली असते.

हे जनुक बिघडलं तर कडी तयार होत नाही किंवा वाकडी तयार होते. विष पोटात जातं, विरघळतं, कापलं जातं आणि पेशीला न धरता तसंच पुढे निघून जातं. अळीने विष पचवलं असं लोक म्हणतात. खरं तर या प्रकारात विषाला धरायला जागाच उरलेली नसते.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. प्रत्येक अळीत जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक बिघडलेली आणि दुसरी चांगली असेल तर चांगल्या प्रतीवरून कड्या बनत राहतात आणि पुरेसं विष खाल्लं की अळी मरते. दोन्ही प्रती बिघडल्या तरच ती वाचते. म्हणजे ही प्रतिकारक्षमता जनुकशास्त्राच्या भाषेत अप्रभावी (रिसेसिव्ह) आहे. हवाई बेटांवरच्या भाजीच्या शेतांत याच पतंगाने बीटीच्या फवाऱ्याला दाद देणं सोडल्याचं 1990 साली कीटकशास्त्रज्ञ ब्रूस टॅबॅश्निक यांनी दाखवलं. उघड्या शेतात फवारलेल्या बीटीवर मात करणारी ही पहिली कीड. तिची प्रतिकारक्षमताही अप्रभावी निघाली.

वर्गात हे समजावताना मी कडधान्यं वापरायचो. पिशवीत 90 चवळीचे आणि 10 राजम्याचे दाणे घ्या. राजमा म्हणजे बिघडलेली प्रत. डोळे मिटून दोन-दोन दाणे काढा. 50 जोड्या होतील. त्यात राजमा-राजमा अशी जोडी एखादी मिळेल किंवा मिळणारही नाही, पण चवळी-राजमा अशा नऊएक जोड्या हमखास निघतील. निसर्गात सुरुवातीला बिघडलेल्या प्रती याहून कितीतरी विरळ असतात. हजारात एक प्रत बिघडलेली धरली तर दोन्ही प्रती बिघडलेली अळी दहा लाखांत एक असते, आणि एकच प्रत बिघडलेल्या हजारात दोन. बिघडलेल्या प्रती जवळजवळ सगळ्याच अशा लपलेल्या असतात.

फवारा मारला. चवळी-चवळी मेली, चवळी-राजमाही मेली, एकुलती एक राजमा-राजमा वाचली. सगळीकडेच फवारलं असेल तर तिला जोडीदार कोण मिळणार? दुसरी राजमा-राजमाच. पुढची पिढी सगळी राजमा. पण शेजारी न फवारलेलं एखादं झाड असेल तर तिथून चवळी-चवळीचे वीस-पंचवीस पतंग उडून येतात, आणि त्यांच्याशी मीलन झालं की सगळी पिल्लं चवळी-राजमा. ती पूर्ण डोसला मरतात. सगळी भिस्त या हिशोबावर आहे. आणि म्हणूनच डोस अर्धा करायचा नाही. अर्ध्या डोसला चवळी-राजमाही वाचते, आणि मग हा हिशोबच कोलमडतो.

माझं गाव जळगाव जिल्ह्यात, कपाशीचं. 2002 साली बीटी कपाशीला (हिच्या झाडातच बीटीचं विष तयार होतं) परवानगी मिळाली तेव्हा पिशवीसोबत बिगर-बीटी बियाण्याची 120 ग्रॅमची वेगळी पुडी मिळायची. शेताच्या कडेने पाच ओळी किंवा 20 टक्के क्षेत्र, जे जास्त असेल तेवढ्यावर ती पेरायची होती. माझ्या मेहुण्याने ती पुडी बांधावर टाकून दिलेली मी स्वतः पाहिली. "अळ्यांना जेवण कशाला वाढायचं?" असं तो म्हणाला, आणि त्या वेळी मलाही ते पटलं. पुडी का दिली आहे हे त्याला कुणी समजावलंच नव्हतं. गुजरातेत अमरेली, भावनगर, जुनागढ, राजकोट या जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटी वाणाला दाद देत नसल्याचं 2010 साली जाहीर झालं. पुढे दोन विषांचं वाणही तिला पुरं पडेना, आणि 2017 च्या हंगामात महाराष्ट्रातल्या कापसाचे काय हाल झाले ते सगळ्यांनी पाहिलं. गुलाबी बोंडअळी जवळजवळ कपाशीवरच जगते. हिरव्या घाटेअळीला तूर आहे, हरभरा आहे, तिचे साधे भाऊबंद तिथे आपोआप टिकतात. बोंडअळीसाठी तो निवारा आपणच ठेवायला हवा होता. शिवाय फरदड घेतली, म्हणजे वेचणीनंतरही तीच कपाशी शेतात ठेवून पुन्हा पीक घेतलं, की अळीला वर्षभर घर मिळतं आणि पिढीवर पिढी विषातून गाळून निघते.

आता घरची तपासणी.

लागतं काय? श्रीखंडाचे झाकणाचे 12 छोटे डबे, टिश्यू पेपर, शून्य नंबरचा ब्रश, भिंग, ताजी बीटीची पुडी आणि कधीच न फवारलेल्या कोबीची किंवा मुळ्याची पानं. मुख्य म्हणजे तुलनेसाठी दुसरीकडच्या अळ्या. मी वसईला एका ओळखीच्यांच्या वाडीतून आणल्या, तिथे मुळा आणि मोहरी असते पण बीटी कधी फवारलेलं नाही. या तुलनेशिवाय तपासणी करू नका. नुसत्या आपल्याच अळ्या मेल्या नाहीत तर दोष पुडीचा की अळीचा, हे सांगता येत नाही.

अळ्या साधारण एकाच वयाच्या घ्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या. चिमट्याने उचलू नका, ब्रशची टोकं ओली करून पानावरून सरकवा. पानाचे पेल्याच्या तोंडाएवढे गोल तुकडे कापा. पुडीवर लिहिलेल्या प्रमाणात पाण्यात बीटी कालवा, माझ्या पुडीवर लिटरला 2 ग्रॅम होतं. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका, नाहीतर कोबीच्या मेणचट पानावर पाणी ठरत नाही. तुकडा दहा सेकंद बुडवा आणि सावलीत दोरीवर पूर्ण वाळवा. ओल्या पानावर अळ्या बुडून मरतात आणि आपण बीटीला श्रेय देतो. दुसऱ्या गटासाठी नुसतं पाणी आणि तेच दोन थेंब.

तीन डबे आपल्या अळ्या बीटीवर, तीन आपल्या पाण्यावर, तीन वसईच्या बीटीवर, तीन वसईच्या पाण्यावर. प्रत्येकी दहा अळ्या. डब्याच्या तळाला टिश्यू, झाकणाला सुईने भोकं, आणि झाकणावर पेन्सिलने तारीख आणि गट. पेनची शाई वाफेने पसरते. डबे सावलीत, हवेशीर जागी ठेवा. फ्रिजवर मुळीच नको, तिथे ऊब लागते. 72 तासांनी मोजा. ब्रशने टोचून जी सरळ सरकते ती जिवंत. नुसता पाय हलवणारी मेलेल्यांत धरा.

माझे आकडे असे आले. पाण्यावर आपल्या 30 पैकी 28 जिवंत, बीटीवर आपल्या 30 पैकी 11. वसईच्या पाण्यावर 29 आणि बीटीवर 1. हिशोब जिवंतांचा करा: 11 भागिले 28 म्हणजे सुमारे 39 टक्के वाचल्या, 61 टक्केच बीटीने मेल्या. त्याच पुडीने वसईच्या जवळजवळ सगळ्या मेल्या. म्हणजे पुडी चांगली होती आणि माझ्या अळ्या बदललेल्या होत्या. पाण्यावरच्या पाचात एकाहून जास्त मेल्या तर सगळी तपासणी टाकून द्या आणि पुन्हा करा. मला पहिल्या खेपेला तसंच करावं लागलं, डबे फार घट्ट बंद झाले होते.

इथे थांबलात तरी चालेल. मला मात्र पुढचं पाहिल्याशिवाय चैन पडेना. प्रतिकारक्षमता अप्रभावी असेल तरच न फवारलेल्या मोहरीच्या खोक्याचा उपाय चालतो, म्हणून ते तपासणं गरजेचं होतं.

बीटीवर वाचलेल्या 11 अळ्यांना साधी पानं घालून कोषात जाऊ दिलं. जाळीदार पांढरा कोष दिसला की प्रत्येक कोष होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत एकेकटा ठेवायचा, म्हणजे पतंग मीलन न झालेला बाहेर येतो. वसईच्या कोषांचंही तेच. नराच्या पोटाच्या टोकाला भिंगातून दोन पाकळ्यांसारखे चिमटे दिसतात. मग आपली मादी वसईच्या नराबरोबर आणि वसईची मादी आपल्या नराबरोबर, अशा दोन्ही बाजूंनी जोड्या लावा. मोठ्या बरणीत मोहरीची कोवळी रोपं आणि मधाच्या पाण्यात भिजवलेला कापूस ठेवा, तोंडाला मच्छरदानीचं कापड बांधा. पिल्लं तांदळाएवढी झाली की पूर्ण डोसवर तपासा. माझ्या 40 पैकी 38 मेली, आणि दोन्ही बाजूंच्या जोड्यांत फरक नव्हता. म्हणजे अप्रभावी, आणि लिंग-गुणसूत्रावर नसलेली.

दोन्ही बाजूंनी जोड्या लावायचा आग्रह उगाच नाही. सफरचंदावरच्या कॉडलिंग पतंगाने एका विषाणूजन्य कीटकनाशकाला दाद देणं सोडल्याचं 2005 साली जर्मनीत दिसलं, आणि ते जनुक झेड या लिंग-गुणसूत्रावर होतं. पतंगांमध्ये मादीला झेड एकच असतो. त्यामुळे माद्यांना एकच बिघडलेली प्रत पुरते, लपायची गरजच नाही. तिथे फक्त न फवारलेल्या झाडावर विसंबून भागत नाही.

पुढे मी त्या संकरित पतंगांची जोडी पुन्हा वाचलेल्या वंशाशी लावली. जनुक एकच असेल तर पिल्लांत निम्मी जगायला हवीत. 36 पैकी 17 जगली. ते डबे मी किती वेळा मोजले असतील! त्यापुढची पिढी मार्चच्या उकाड्यात बुरशी लागून मेली, म्हणून प्रयोग तिथेच संपला. उरलेल्या सगळ्या अळ्या, कोष, पतंग पिशवीसकट दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मगच टाकले. हे तुम्हीही करायचंच. प्रतिकारक्षम पतंग गच्चीवरून मोकळे सोडणं म्हणजे शेजाऱ्याच्या भाजीवर अन्याय.

आता उपाय. पाच खोक्यांमागे एक खोका मोहरीचा लावा, कोबीच्या पंधरा दिवस आधी, आणि त्यावर बीटी कधीही फवारू नका. या पतंगाला मोहरी कोबीपेक्षा जास्त आवडते. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने कोबीच्या 25 ओळींना मोहरीच्या दोन ओळी सुचवल्या होत्या, त्या सापळा म्हणून, आणि त्या मोहरीवर कीटकनाशक मारायचं असतं. आपण तीच मोहरी निवारा म्हणून ठेवतो, म्हणून तिला हात लावायचा नाही. ती चाळणीसारखी होईल. शेजारच्या काकूंना ते बघवेना, त्यांनी माझ्या नकळत तिच्यावर फवारा मारला होता. त्यांना चवळी-राजमा करून दाखवलं, आता त्याच तिची राखण करतात. तिथे पानांवर तांदळाच्या कणीएवढे पांढरे कोष दिसले तर आनंद माना, त्या कोटेशिया नावाच्या इवल्या गांधीलमाशा आहेत. त्यांची पिल्लं अळीच्या पोटात वाढतात, आणि अळीचं जनुक कसंही असो, त्यांना फरक पडत नाही.

बीटी सलग मारू नका. ही अळी आपल्या हवेत दोन-अडीच आठवड्यांत एक पिढी पुरी करते. एका पिढीला बीटी, पुढच्या पिढीला निंबोळी अर्क, असं आलटून पालटून. अर्क घरी करा: लिटरला 50 ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर भिजवून गाळायची. 1995 साली कॅनडातल्या दोन संशोधकांनी मावा किडीच्या 40 पिढ्यांवर दाखवलं की शुद्ध अझाडिरॅक्टिनला (निंबोळीतलं मुख्य कीडनाशक द्रव्य) मावा नऊपट सहनशील झाला, पण पूर्ण निंबोळी अर्कावर वाढवलेला मावा झाला नाही. अर्कात अनेक द्रव्यं असतात, एका जनुकाच्या बिघाडाने सगळी चुकवता येत नाहीत.

डासांचंही तसंच. कोचीला क्युलेक्स डासांच्या अळ्या बॅसिलस स्फेरिकस या डासांच्या अळ्या मारणाऱ्या दुसऱ्या जिवाणूला दाद देईनाशा झाल्याचं 1995 साली प्रसिद्ध झालं. त्याचं विष एकाच कडीला धरतं. बीटीचा डासांवरचा इस्रायलेन्सिस हा प्रकार चार विषं एकत्र घेऊन येतो आणि तो अजून टिकून आहे. कुंड्यांखालच्या ताटल्या मात्र दर आठवड्याला उपड्या करा, त्याला कुठलंच औषध लागत नाही.

कोबी काढली की बुंधे उपटून टाका. बुंध्याला फुटलेले कोंब म्हणजे गच्चीवरची फरदड.

आणि माझ्या अळ्या आल्या कुठून? वीस खोक्यांवर दोन हिवाळ्यांत असा बदल घडणं अवघड, वसईपासून ठाण्यापर्यंतचे साधे पतंग येतच असतात. मी रोपं एका रोपवाटिकेतून आणली होती. पुन्हा जाऊन विचारलं तेव्हा कळलं की तिथे दर चौथ्या दिवशी बीटी मारतात, एकही वाफा न सोडता. रोपांच्या पानांखाली कोष होते, ते मी पाहिले नव्हते. त्यामुळे विकतचं रोप आणलं की दहा दिवस घरातल्या खिडकीत, मच्छरदानीच्या कापडाखाली ठेवा. रोज सकाळी पान उलटून भिंगाने शिरांच्या कडेने बघा. पिवळसर अंडी तिथेच चिकटलेली असतात, नखाने खरवडली की निघतात.